डीआय पाईपची निवड: एका नगरपरिषदेच्या पाणी आणि सांडपाणी योजनेच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२३

योजना मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेची. एकाच निविदेत तीन कामे आहेत: जलशुद्धीकरण केंद्रापासून मुख्य संतुलन टाकीपर्यंत शुद्ध पाण्याची ४.८ किमी ऊर्ध्ववाहिनी (पंपाने पाणी चढवणारी लाइन), १०० ते ३०० मिमी व्यासाची वितरण व्यवस्था, आणि सांडपाणी उदंचन केंद्रापासून मलशुद्धीकरण केंद्रापर्यंतची १.३ किमी ऊर्ध्ववाहिनी. तिन्हींसाठी अंदाजपत्रकात एकच ओळ आहे: ‘डीआय पाईप, के-९’. डीआय म्हणजे डक्टाइल आयर्न, ठिसूळ नसलेले ओतीव लोखंड. ती मोडून नव्याने लिहायची आहे.

के-९ हा फक्त जाडीचा आकडा. सूत्र सोपे: के गुणिले (०.५ + ०.००१ × नाममात्र व्यास मिमीत). ३०० मिमी पाईपला के-९ मध्ये ७.२ मिमी जाडी येते, के-७ मध्ये ५.६ मिमी. बाहेरचा व्यास दोन्हींचा ३२६ मिमीच, म्हणून सॉकेट (पाईपचे रुंद तोंड), रबर रिंग आणि फिटिंग समाईक चालतात. जाडी वाढते ती आतल्या बाजूला. या दोन वर्गांत मीटरमागे सुमारे ११ किलो लोखंडाचा फरक पडतो आणि पैसे त्याचेच जातात. बाहेरचे जस्त किती, आतले अस्तर कोणत्या सिमेंटचे, रिंग कोणत्या रबराची, फ्लँजला (बोल्टने जोडायच्या कडेला) भोके कोणत्या मापाची, यातले काहीही ‘के-९’ सांगत नाही. डीआय लाइन गळते किंवा सडते ती बहुधा या चारांपैकी एकामुळे. त्यामुळे क्रम असा ठेवला: आधी माती, मग पाईपमधून काय वाहणार ते, मग दाब. के शेवटी.

९ नोव्हेंबर

मोठ्या ऊर्ध्ववाहिनीच्या मार्गावर मातीचा विद्युतरोध मोजला. चार सळया एका रेषेत, १.५ मी. अंतराने ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन सळयांवर व्होल्टेज घ्यायचे. २ × ३.१४ × अंतर × मीटरवरचे वाचन = रोध. साखळी २/०५० ला (सुरुवातीपासून २ किमी ५० मी. वर) वाचन १.२ ओहम आले; हिशेबाने ११.३ ओहम-मीटर, म्हणजे ११३० ओहम-सेंमी. अंतर १.५ मी. घेतल्याने पाईप बसणार त्या खोलीपर्यंतची माती मोजली जाते. सळया जेमतेम अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ठोकून घेतलेले वाचन वरच्या कोरड्या थराचे असते आणि फसवते.

साखळी ०/००० ते १/१५०: मुरूम, ६,५०० ओहम-सेंमीच्या वर.
१/१५० ते ३/६००: काळी माती, ९०० ते १,४००.
३/६०० ते ४/१००: नाल्यालगतची चोपण, ओली, काही ठिकाणी ७०० च्या आत.
४/१०० ते ४/८००: कठीण खडक.

युरोपच्या ईएन ५४५ मानकानुसार जस्त आणि त्यावरचा रंग एवढ्या नेहमीच्या लेपावर विसंबायचे तर रोध भूजलपातळीच्या वर किमान १,५०० आणि खाली किमान २,५०० ओहम-सेंमी हवा. काळी माती आणि चोपण दोन्ही त्यात नापास. पावसाळा नुकताच संपल्याने माती ओली आहे. मोजणीला हीच वेळ बरी. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या मातीत याच जागी भरमसाट मोठे आकडे येतात आणि त्यांवरून केलेली निवड पहिल्याच पावसाळ्यात खोटी पडते.

काळ्या मातीचा दुसरा त्रास म्हणजे ती फुगते आणि आकसते. एकसंध जोडलेली लाइन तिथे ताणली जाते; डीआयचा पुश-ऑन जॉइंट (रिंगेतून नुसता ढकलून बसवलेला) थोडा वळतो, थोडा सरकतो, म्हणून टिकतो. या पट्ट्यात डीआय घेण्याचे खरे कारण हे आहे. ताकद त्यानंतर.

निर्णय: मुरूम आणि खडकात आयएस ८३२९ या भारतीय मानकाप्रमाणे १३० ग्रॅम/चौ.मी. जस्त व वर बिटुमेन. काळ्या मातीत तेच, शिवाय पाईपवर चढवायची २०० मायक्रॉन पॉलिथिनची पिशवी, म्हणजे स्लीव्ह. चोपणीत जस्त २०० ग्रॅम आणि स्लीव्ह. ३/९०० च्या आसपास जुन्या कचरा डेपोची राख आणि कचरा लागतो. तिथे लेप वाढवत बसण्यापेक्षा मार्ग बाजूला सरकवला. राखेत कोणताच लेप भरवशाचा नाही.

१७ नोव्हेंबर

ऊर्ध्ववाहिनीचा दाब. गळतीसह मागणी ९५ लाख लिटर प्रतिदिन, पंपिंग २२ तास. म्हणजे १२० लि./से. ४०० मिमी पाईपमध्ये वेग ०.९३ मी./से. सिमेंट अस्तराच्या डीआयसाठी हेझन-विल्यम्स सूत्रातला सी (गुळगुळीतपणाचा गुणांक) १४० धरून किलोमीटरला साधारण १.९ मी. घर्षण, एकूण ९ मी. उंचीचा फरक ५८ मी. किरकोळ धरून पंपाकडे ६८ मी., म्हणजे ६.८ कि.ग्रॅ./चौ.सेंमी.

के-७, ४०० मिमीची नाममात्र जाडी ६.३ मिमी. ओतकामातली तूट १.७ मिमी वजा केली की खात्रीची जाडी ४.६ मिमी उरते. ताणशक्ती ४२० मेगापास्कल आणि सुरक्षा गुणांक ३ धरून चालणारा दाब ३० बार. लागणाऱ्या दाबाच्या चौपटीहून जास्त.

मग वीज गेल्यावरचा वॉटर हॅमर, म्हणजे प्रवाह अचानक थांबल्याने बसणारा दाबाचा धक्का. के-७ मध्ये दाबाची लाट सुमारे १,०६० मी./से. ने धावते, के-९ मध्ये सुमारे १,१२०. प्रवाह एकदम थांबला तर के-७ मध्ये १०१ मी. चा धक्का. ६८ मध्ये मिळवले तर १६९ मी., म्हणजे १७ बारच्या आत. के-७ हसत सोसेल. खरी अडचण उलट दिशेला आहे: ६८ मधून १०१ वजा केले तर उणे ३३ मी. पाण्याचा दाब उणे १० मी.च्या खाली जाऊच शकत नाही. त्याआधी पाण्याचा स्तंभ तुटतो, पोकळी होते आणि दोन्हीकडचे पाणी परत आदळते. पोकळी असताना रिंगा आत ओढल्या जातात, जॉइंटमधून चरातले गढूळ पाणी शिरते. जाडी वाढवून यातले काहीच थांबत नाही, उलट जाड पाईपमध्ये लाट थोडी जास्तच वेगाने धावते. के-९ ऐवजी के-७ घेऊन वाचलेल्या रकमेतून झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (प्रवाह उलटण्याआधीच मिटणारे) आणि उंचवट्यांवर हवा आत-बाहेर सोडणारे दुहेरी एअर व्हॉल्व्ह घ्यायचे ठरले. त्यानंतरच्या विश्लेषणात धक्का ३५ मी. वर आला.

के-९ फक्त दोन जागी: नाल्यावरच्या खांबांवर उघड्यावरून जाणारा भाग आणि राज्य महामार्गाखालचा, केसिंगमधला (बाहेरच्या संरक्षक पाईपमधला) भाग. खांबांवर भार एका जागी येतो. केसिंगमधला पाईप एकदा ओढून घेतला की पुन्हा हात लावता येत नाही.

२४ नोव्हेंबर

सांडपाण्याची वाहिनी. आराखड्यात ३०० मिमी. व्यासावर बराच वेळ गेला, तो जायलाच हवा होता.

अंतिम टप्प्यात १८,००० लोक, दरडोई १३५ लिटरच्या ८० टक्के, शिखर गुणांक ३: ६७.५ लि./से. ३०० मिमीमध्ये वेग ०.९२ मी./से. कागदावर ठीक. पण आज जोडलेली लोकसंख्या ११,००० आहे आणि पहिल्या टप्प्यातले पंप ४१ लि./से.चे. त्या प्रवाहाला ३०० मिमीमध्ये वेग ०.५६ मी./से. येतो, म्हणजे वाळू आणि राख पाईपमध्येच बसणार. घरोघर भांडी राखेने घासली जातात अशा वस्त्या या भागात आहेत, हे विसरून चालत नाही. २५० मिमीमध्ये आज ०.८१ आणि शेवटी १.३३ मी./से.

दुसरा मुद्दा शिळ्या सांडपाण्याचा. ३०० मिमी, १.३ किमी लाइनमध्ये ९५ घनमीटर पाणी साठते. अंतिम टप्प्यातही रात्री ओघ सरासरीच्या चौथाईवर आला की ते साडेचार तासांहून जास्त आत पडून राहते. २५० मध्ये सव्वातीन तास. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एवढ्या वेळात हायड्रोजन सल्फाइड भरपूर तयार होतो. २५० चे घर्षण अंतिम टप्प्यात ७.८ मी., ३०० चे ३.२ मी.; साडेचार मीटर जादा उपसा विजेच्या बिलात दिसेल. तो मान्य करून २५० मिमी घेतला. मोठा पाईप म्हणजे सुरक्षित पाईप हा पाणीपुरवठ्यातला समज सांडपाण्यात महागात पडतो.

अस्तर. पूर्ण भरून वाहणाऱ्या पाईपमध्ये सल्फाइड नुसता विरघळून राहतो, अस्तराला फारसे काही करत नाही. जिथे हवा आहे तिथे तो वायू होऊन वर येतो, ओल्या भिंतीवरचे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि साधे पोर्टलंड सिमेंट पिठासारखे भुसभुशीत होऊन गळते. अशा जागा म्हणजे उंचवटे, जिथे वाहिनी गुरुत्व चेंबरमध्ये पडते ते शेवटचे टोक, आणि पंप बंद असताना रिकामा होणारा उतार. पोर्टलंड अस्तर सामू ६ पर्यंत चालते, सल्फेटरोधक ५.५ पर्यंत, हाय ॲल्युमिना ४ पर्यंत. सबंध १.३ किमीला हाय ॲल्युमिना सिमेंटचे अस्तर घेतले. फक्त उंचवट्यापुरते वेगळे पाईप मागवावेत अशी सूचना आली होती. ती नाकारली, कारण साइटवर दोन्ही पाईप सारखेच दिसतात आणि अदलाबदल होणारच.

सॉकेटच्या आतला भाग आणि स्पिगॉटचे (सॉकेटमध्ये शिरणारे) टोक अस्तराबाहेर राहते, तिथे इपॉक्सी. रिंग नायट्राइल रबराची, कारण गॅरेजांचे ऑइल आणि डिझेल याच गटारात येते आणि ईपीडीएम हे दुसरे रबर तेलाने फुगते. पिण्याच्या पाण्याला ईपीडीएम. दोन्ही रिंगा काळ्याच. ओळख रिंगेवरच्या ठशावरून. गोदामात दोन खोल्या वेगळ्या ठेवायच्या.

एअर व्हॉल्व्ह सांडपाण्यासाठीचेच: लांब अंगाचे, तळाला धुण्याची तोटी असलेले. पाण्याचा एअर व्हॉल्व्ह इथे महिनाभरात तुंबतो.

२ डिसेंबर

वितरण व्यवस्था. १०० ते ३०० मिमी, के-७. दाब कुठेच ३ बारच्या वर नाही.

आक्षेप आला तो नळजोडणीचा. १५ मिमी फेरूलच्या (घरजोडणीच्या तोटीच्या) आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांतले अंतर, १.८१ मिमी असते. के-७ च्या ५ मिमी भिंतीत तीनही पूर्ण आटे बसत नाहीत, आणि पाईपची भिंत गोल असल्याने कडेला त्याहून कमी. के-९ च्या ६ मिमीत जेमतेम सव्वातीन. दोन्हींत थेट आटे पाडणे चूकच, त्यामुळे या कारणासाठी के-९ घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक जोडणीला सॅडल क्लॅम्प, म्हणजे पाईपभोवती आवळायचा पट्टा; आटे त्यात. निविदेत सॅडलची वेगळी बाब टाकली. ती नसली की प्लंबर थेट भोक पाडतो.

११ डिसेंबर

फिटिंग आणि फ्लँज. फिटिंग आयएस ९५२३ प्रमाणे के-१२, टी के-१४. टीमध्ये भिंतीला मोठे भोक असल्याने तिथे जाडी जास्त लागते.

फ्लँजबद्दल निविदेत एक तक्ता जोडला, कारण ‘पीएन १०/१६’ (फ्लँजचे दाबवर्ग) असे मोघम लिहिले की दोन्ही येतात:
१००, १५० मिमी: पीएन १० आणि १६ ची भोके सारखीच, ८.
२०० मिमी: पीएन १० ला ८ भोके, पीएन १६ ला १२. बोल्ट-वर्तुळ दोन्हींचे २९५ मिमी.
२५० मिमी: दोन्हींना १२, पण वर्तुळ ३५० आणि ३५५.
३०० मिमी: दोन्हींना १२, वर्तुळ ४०० आणि ४१०.
४०० मिमी: दोन्हींना १६, वर्तुळ ५१५ आणि ५२५.
२०० चा गोंधळ लगेच दिसतो. २५०, ३०० आणि ४०० चा दिसत नाही, कारण भोके मोजली तर जुळतात. सगळीकडे पीएन १० ठरवले. व्हॉल्व्ह, टेलपीस (एका टोकाला फ्लँज असलेला आखूड तुकडा), डिसमँटलिंग जॉइंट (उघडून काढता येणारा) आणि फ्लो मीटर या चारही पुरवठादारांना हाच तक्ता.

१९ जानेवारी २०२४

कारखान्यात त्रयस्थ तपासणी. दाबचाचणी के-७ ला ३०० मिमीपर्यंत ३.२ आणि ३५० ते ६०० मिमीला २.५ मेगापास्कल, ही चाचणी अस्तर घालण्यापूर्वी पाहायची. अस्तराखालचे बारीक छिद्र नंतर पकडता येत नाही. ताणशक्ती किमान ४२० मेगापास्कल, लांबण किमान १० टक्के, कडकपणा २३० ब्रिनेलच्या आत. लांबण कमी आणि कडकपणा जास्त आला तर पाईप भट्टीतून नीट निघालेला नाही. तो साइटवर कापताना तडकतो.

जस्ताची तपासणी: ५०० × ५० मिमीची पट्टी पाईपवर चिकटवून फवारणी करतात आणि आधी-नंतर वजन करतात. पट्टीचे क्षेत्र ०.०२५ चौ.मी., म्हणून १३० ग्रॅमच्या लेपाला ३.२५ ग्रॅम वाढ दिसली पाहिजे आणि २०० च्या लेपाला ५ ग्रॅम. एवढ्या बारीक वजनाला काटा चांगला लागतो. पहिल्यांदा समोर ठेवलेला काटा ग्रॅमच्या खाली वाचत नव्हता. तो बदलून घेतल्यावरच सही. अस्तर ३०० मिमीपर्यंत ३ मिमी, ३५० ते ६०० ला ५ मिमी. केसासारख्या भेगा चालतात, पाणी भरल्यावर त्या बुजतात. हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज आला तर पाईप बाजूला.

८ फेब्रुवारी

पहिल्या गाड्या आल्या. उतरवणाऱ्याने फोर्कलिफ्टचे दात थेट पाईपच्या तोंडात घातल्याने काही पाईपांच्या टोकाचे अस्तर फुटले. ती टोके कापून आखूड तुकड्यांसाठी ठेवली. यापुढे रुंद पट्टा, दोन जागी. तळाला लाकडी ओंडके, सॉकेट आलटून पालटून. रिंगा गोणीत, सावलीत, वेल्डिंग मशीन आणि मोटरपासून लांब; तिथल्या ओझोनने रबराला बारीक चिरा पडतात.

१५ फेब्रुवारी

टाकणी सुरू, मुरमाच्या पट्ट्यात. चराची रुंदी बाहेरचा व्यास अधिक ४०० मिमी, पाईपवर किमान १ मी. भराव. प्रत्येक सॉकेटखाली खळगा खणायचा, नाहीतर पाईप फक्त सॉकेटवर टेकतो आणि मधला भाग अधांतरी राहतो.

जॉइंटचा क्रम गँगला असा दिला. सॉकेटच्या आतली खाच तारेच्या ब्रशने आणि फडक्याने कोरडी पुसायची. रिंग हृदयाच्या आकारात दुमडून आत ठेवायची, जाड गोल भाग आतल्या बाजूला. मग दाबून बसवायची आणि बोट फिरवून कुठे फुगवटा नाही ना ते बघायचे. वंगण आता, फक्त रिंगेच्या उघड्या पृष्ठभागावर आणि स्पिगॉटच्या उतरत्या कडेवर. रिंगेच्या मागे वंगण गेले तर ढकलताना रिंगच सरकते. वंगण म्हणजे पुरवठादाराचे साबणी वंगण. ग्रीस आणि ऑइल अजिबात नाही. पाईप सरळ रेषेत धरायचा, चेन पुलीने ओढायचा. स्पिगॉटवरच्या दोन पांढऱ्या रेषांपैकी पहिली आत गेली पाहिजे, दुसरी बाहेर दिसली पाहिजे. दोन्ही आत गेल्या तर पाईप तळाला टेकला आहे आणि वळायला जागा उरलेली नाही. शेवटी पातळ पत्र्याची फीलर पट्टी सभोवार घालून रिंग सगळीकडे सारख्या खोलीवर लागते का ते पाहायचे. एखाद्या जागी पट्टी जास्त आत गेली की जॉइंट उपसायचा.

पोकलेनच्या बकेटने ढकलायला मनाई. कितीही सांगितले तरी मुकादमाची पाठ वळली की बकेट लागते. मध्ये लाकडी ओंडका ठेवायला लावला, एवढेच साधले.

२२ फेब्रुवारी

वळणे. ३५० ते ६०० मिमीला प्रत्येक जॉइंट किमान २.५ अंश वळतो, ३०० मिमीपर्यंत ३.५ अंश. ५.५ मी. पाईपवर २.५ अंश म्हणजे टोकाला २४० मिमी सरक. साखळी १/०२० चे ७ अंशांचे वळण तीन जॉइंटमध्ये काढले, बेंड वाचला. जॉइंट आधी सरळ पूर्ण करायचा, मग वळवायचा. तिरका पाईप ढकलला की रिंग एका बाजूने चावली जाते.

कापलेले पाईप. आधी टेपने परिघ मोजायचा. ४०० मिमीचा बाहेरचा व्यास ४२९, परिघ १३४८ मिमी. १३५१ च्या वर असेल तर तो सॉकेटमध्ये जाणार नाही, दुसरा पाईप निवडायचा. कापल्यावर ग्राइंडरने मूळ टोकासारखी उतरती कड करायची, नाहीतर धारेने रिंग कापली जाते. उघड्या लोखंडाला जस्तयुक्त रंग, वर बिटुमेन. पांढऱ्या रेषा नव्याने आखायच्या. हे सगळेच विसरतात.

५ मार्च

काळी माती सुरू. स्लीव्ह पाईपपेक्षा ६०० मिमी लांब कापायची, म्हणजे जॉइंटवर दोन्हीकडून ३०० मिमी चढते. जादा घडी पाईपच्या माथ्यावर दुमडून टेप. सैल स्लीव्हमध्ये भूजल फिरते, म्हणून घडी घट्ट. फाटलेल्या जागी टेप किंवा ठिगळ, त्याच दिवशी भराव. उन्हात पॉलिथिन टिकत नाही. उपसलेली काळी माती परत पाईपभोवती घालायची नाही. पाईपच्या वर ३०० मिमीपर्यंत मुरूम, थराथराने दाबून.

१२ मार्च

रात्री अवकाळी पाऊस. चोपणीच्या भागात चर भरला आणि जोडलेली, टोके बंद केलेली लाइन वर आली. हिशेब सरळ आहे: ४०० मिमी के-७ चे अस्तरासह वजन मीटरला सुमारे ७५ किलो, आणि तो बाजूला सारतो १४५ किलो पाणी. के-९ धरला तरी वजन ९१ किलो. रिकामा डीआय पाईप या व्यासात तरंगतोच. लोखंड आहे, हलणार नाही, अशा समजुतीत भराव मागे राहिला होता. वर आलेले सगळे जॉइंट उपसले, आत चिखल गेलेल्या रिंगा बाद केल्या. आता रोज संध्याकाळी प्रत्येक पाईपच्या मधल्या भागावर भराव, फक्त जॉइंट उघडे.

२१ मार्च

थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे वळणावर आणि टोकाला पाण्याचा रेटा अडवणारा काँक्रीटचा ठोकळा. चाचणी दाब ठरवताना चालू दाबाची दीडपट (१०२ मी.) आणि चालू दाब अधिक धक्का (६८ + ३५ = १०३ मी.) यांतला मोठा घेतला, १०.५ कि.ग्रॅ./चौ.सेंमी. ४०० मिमीच्या बंद टोकावर त्यामुळे १४९ किलोन्यूटन, म्हणजे १५ टन. ४५ अंशाच्या बेंडवर ११४ किलोन्यूटन. बल मोजताना ४२९ मिमी हा बाहेरचा व्यास घ्यायचा, ४०० नव्हे.

मुरमात चौ.मी.ला १०० किलोन्यूटन धरून बेंडमागे १.१५ चौ.मी.चा पृष्ठभाग, न खणलेल्या मातीला भिडवून. काळ्या मातीत हे चालत नाही. उन्हाळ्यात ती ब्लॉकपासून आकसून सुटते. तिथे बेंडच्या दोन्ही बाजूंना अडवलेले जॉइंट. त्यांची लांबी काढताना मातीचे घर्षण ०.७ ने गुणले, कारण पॉलिथिनवर माती कमी धरते. आराखड्यात ही घट नव्हती.

९ एप्रिल

पहिला ५०० मी. भाग, ९१ जॉइंट. खालच्या टोकाने हळू भरला, एअर व्हॉल्व्ह उघडे. अस्तर पाणी पिते, म्हणून २४ तास भरून ठेवला. मान्य गळती: जॉइंट × व्यास × दाबाचे वर्गमूळ ÷ ३.३, म्हणजे ९१ × ४०० × ३.२४ ÷ ३.३ = तासाला सुमारे ३५,७०० मिलि, म्हणजे ३५.७ लिटर.

पहिल्यांदा दाब चढेचना. पंपाने बरेच पाणी घेतले आणि काटा हळूहळू सरकला; ही खूण हवेची. गळती असती तर काटा चढून पडला असता. उंचवट्यावरची हवा काढली. दुसऱ्यांदा चढला आणि उतरू लागला. साखळी ०/३१० चा एक जॉइंट पाझरत होता. उपसल्यावर रिंग खालच्या बाजूला खाचेतून निघालेली दिसली. फीलरची नोंद त्या जॉइंटला नव्हती.

आयसोलेशन व्हॉल्व्ह पीएन १६ भोकांचा आला, टेलपीस पीएन १०. फिटर भोके ग्राइंडरने लांबट करायला निघाला होता. थांबवले. लांबट भोकात वॉशर तिरका बसतो आणि गॅस्केटवर दाब एकसारखा येत नाही. व्हॉल्व्ह परत.

३ मे

वितरणातली नवी लाइन जुन्या बिडाच्या लाइनला जोडायची. जुन्या बिडाचा बाहेरचा व्यास गृहीत धरायचा नाही. उघडून, खरवडून टेपने मोजायचा आणि मग कपलर मागवायचा. दोन जागी एकाच नाममात्र व्यासाच्या लाइनचे परिघ वेगळे निघाले.

२२ मे

निर्जंतुकीकरण. नव्या सिमेंट अस्तराने पहिल्या पाण्याचा सामू खूप चढतो आणि त्या सामूला क्लोरीन मंद पडते. आधी धुऊन काढायचे. ४.८ किमीमध्ये ६२० घनमीटर पाणी, लिटरला २५ मिग्रॅ क्लोरीन, म्हणजे १५.५ किलो, ३० टक्क्यांच्या ब्लीचिंग पावडरने ५२ किलो. पावडर जुनी असेल तर आधी तपासायची. २४ तासांनी स्कावर व्हॉल्व्हमधून (लाइन रिकामी करायच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून) सोडताना नाल्यात थेट नाही.

६ जून

सांडपाण्याची वाहिनी सुरू. शेवटचे टोक चेंबरमधल्या पाण्याच्या पातळीखाली बुडवले. वरून धबधब्यासारखे पडले की सगळा सल्फाइड तिथेच हवेत सुटतो. चेंबरला उंच व्हेंट पाईप आणि आतून इपॉक्सी. नगरपरिषदेच्या भांडारात द्यायचे सुटे सामान: प्रत्येक व्यासाचा एक पाईप, दोन स्लीव्ह कॉलर, रिंगा (नायट्राइल वेगळ्या पेटीत, पेटीवर रंगाने ‘सांडपाणी’ लिहून), वंगणाचे डबे, फीलर पट्ट्या. एअर व्हॉल्व्हच्या धुण्याच्या तोट्यांचा पहिला फेरा पावसाळ्याआधी, नंतर दर पंधरा दिवसांनी.